‘आतून नको, रक्त घ्या’

आमच्या लॅबच्या काउंटरवर बायका एक प्रश्न नेहमी हळू आवाजात विचारतात. आधी साखरेचं, थायरॉइडचं बोलून होतं, पावती फाडून होते. मग मागे ओळखीचं कोणी उभं नाही ना हे बघून बाई पुढे वाकते. “ताई, पिशवीचा कॅन्सर रक्तातून कळतो ना?” तालुक्याच्या गावात मी वीस वर्षं लोकांचं रक्त काढते आहे. हा प्रश्न भाजीवालीनेही विचारला आहे आणि माझ्यापेक्षा दुप्पट शिकलेल्या बँकेतल्या अधिकारी बाईंनीही. त्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक वाक्य असतं. ते बहुतेक जणी बोलत नाहीत, बोललीच एखादी तर अगदी शेवटी, पर्सची चेन लावता लावता: “आतून तपासून घ्यायचं नाही हो मला.”

त्या न बोललेल्या वाक्याची बाजू घेऊन मला लिहायचं आहे. बाईची ही इच्छा रास्त आहे. त्या इच्छेचा फायदा घेऊन तिला जे विकलं जातं, ते रास्त नाही.

‘पिशवीचा कॅन्सर’ म्हणताना आपण किमान तीन वेगळे आजार एका पोत्यात भरतो. पहिला गर्भाशयाच्या तोंडाचा. भारतात दरवर्षी सुमारे सव्वा लाख बायकांना तो होतो आणि ८० हजारांच्या आसपास बायका त्याने जातात. दुसरा गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा, जो बहुतेक वेळा पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून लाल जाऊ लागलं की लक्षात येतो. तिसरा अंडाशयाचा, पोटात खोल दडून बसणारा आणि म्हणूनच बहुतेकदा उशिरा सापडणारा. निरोगी बाईचं रक्त घेऊन यांतला एकही आजार वेळेत पकडता येईल आणि त्यामुळे तिचा जीव वाचेल, असं सिद्ध झालेली चाचणी आज नाही. सगळ्यांत जास्त बायका ज्याने दगावतात त्या गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरशी तर पॅकेजमधल्या रक्ततपासणीचा संबंध जवळजवळ नाहीच.

तरीही मार्च महिना आला की ‘महिला दिन स्पेशल’ पॅकेजं निघतात. हिमोग्लोबिन, व्हिटॅमिन डी, थायरॉइड आणि त्यांच्या जोडीला ‘कॅन्सर मार्कर’. हा मार्कर म्हणजे बहुतेक वेळा सीए-१२५, रक्तात मोजलं जाणारं एक प्रथिन. रॉबर्ट बास्ट या अमेरिकी डॉक्टरांच्या चमूने १९८१ मध्ये हा शोधला. अंडाशयाच्या कॅन्सरच्या पेशी ओळखणारी प्रतिपिंडं ते तयार करत होते, त्या प्रयत्नांतला १२५ क्रमांकाचा उपयोगी ठरला, म्हणून हे नाव. रिपोर्टवर त्याची मर्यादा ३५ युनिट छापलेली असते. एका बाईंना वाटत होतं की नावातच १२५ आहे म्हणजे १२५ पर्यंत चालत असेल. माझ्यासमोर बसून ही गोष्ट विचारण्याचा धीर त्यांना झाला, याचं मला बरं वाटलं. बाकीच्या घरी जाऊन मोबाइलवर शोधतात आणि रात्रभर जागतात.

चाचणी म्हणून सीए-१२५ वाईट नाही. अंडाशयाच्या कॅन्सरवर उपचार चालू असलेल्या बाईत औषध लागू पडतंय का, आजार परत डोकं वर काढतोय का, हे बघायला ती फार कामाची आहे. पोट सतत फुगलेलं राहतं, दोन घासांत पोट भरतं, ओटीपोटात दुखतं, लघवीला सारखं जावं लागतं, अशा तक्रारी घेऊन पन्नाशीची बाई आली तर डॉक्टरांनी ती जरूर सांगावी. इंग्लंडमध्ये २०११ पासून तसा मार्गदर्शक नियमच आहे. पण तक्रार नसलेल्या बाईत हा आकडा काय सांगतो? पाळी चालू असताना रक्त दिलं तरी तो वाढतो. गर्भारपणात वाढतो. एंडोमेट्रिओसिसमध्ये (म्हणजे पिशवीच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो तेव्हा), पिशवीतल्या फायब्रॉइडच्या साध्या गाठींमध्ये, ओटीपोटाच्या संसर्गात, लिव्हरच्या आजारात वाढतो. आपल्या देशात विसरून चालणार नाही असं एक कारण म्हणजे पोटाचा टीबी, त्यात तर शेकड्यांत जातो. उलट अंडाशयाचा कॅन्सर अगदी पहिल्या टप्प्यात असताना जवळजवळ निम्म्या बायकांत तो वाढलेलाच नसतो.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांची एक बाई बचतगटातल्या मैत्रिणींबरोबर आली होती. पाच जणी मिळून पॅकेज घेतलं तर सूट होती. संध्याकाळी रिपोर्ट न्यायला ती एकटीच आली. सीए-१२५ समोर ६८, ठळक अक्षरात, बाजूला चांदणी. ती आमच्या बाहेरच्या बाकावर बसली आणि उठेचना. मी बाहेर गेले तेव्हा ती रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी लिहीत होती. धाकट्या मुलाच्या फीची रक्कम, सोसायटीच्या कर्जाचे राहिलेले हप्ते, दागिने कोणाकडे ठेवलेत. मी विचारलं, पाळी कधी आली होती? म्हणाली, “कालच आली.” पुढे तिची सोनोग्राफी झाली, एका मोठ्या शहरात जाऊन दुसरी सोनोग्राफी झाली, महिन्याने पुन्हा रक्त झालं. आकडा उतरला होता. कॅन्सर नव्हता. पण त्या पाच आठवड्यांत तिने एका नातलगाकडून पैसे उचलले होते आणि त्याचं व्याज ती पुढे वर्षभर भरत होती. रक्त घेताना पाळीचं विचारायला हवं होतं. विचारणारी मीच होते आणि मी विचारलं नव्हतं.

अशा बायका अपवाद नसतात, हे साध्या हिशेबानेही कळतं. पाश्चात्त्य देशांत पाळी गेलेल्या अडीच हजार बायकांमागे वर्षाला साधारण एकीला अंडाशयाचा कॅन्सर निघतो, आपल्याकडे त्याहून कमी. समजा एखादी चाचणी इतकी चांगली आहे की शंभर निरोगी बायकांपैकी फक्त दोघींना ती चुकून आजारी ठरवते. अडीच हजारांत अशा पन्नास झाल्या. एका खऱ्या रुग्णापायी पन्नास निरोगी बायका त्या बाकावर बसणार. चाचणी ‘९८ टक्के अचूक’ अशी जाहिरात वाचून आपण भारावतो, पण दुर्मीळ आजारात उरलेले दोन टक्केच सगळा गोंधळ घालतात.

आणि एवढं सोसून फायदा होतो का? अमेरिकेत ७८ हजारांहून जास्त बायकांवर हे वर्षानुवर्षं तपासलं गेलं, २०११ मध्ये निकाल आला. दरवर्षी सीए-१२५ आणि सोनोग्राफी केलेल्या गटात अंडाशयाच्या कॅन्सरने ११८ मृत्यू झाले, नेहमीसारखी काळजी घेतलेल्या गटात १००. म्हणजे जीव वाचले नाहीत. ३,२८५ बायकांना खोटा इशारा मिळाला, त्यांतल्या १,०८० जणींवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यांपैकी १६३ जणींना गंभीर त्रास झाला. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांचा याहून मोठा अभ्यास झाला. तिथे एकच आकडा न धरता तो वर्षागणिक कसा बदलतो हे पाहिलं. लवकरच्या टप्प्यातले रुग्ण जास्त सापडलेसुद्धा. पण सोळा वर्षांच्या आसपास पाठपुरावा करून २०२१ मध्ये जो निकाल आला, त्यात मृत्यू कमी झाले नव्हते. ‘लवकर सापडला म्हणजे वाचला’ हे आपण इतकं गृहीत धरतो की हा निकाल पचायला मलाही वेळ लागला.

अमेरिकेत खोट्या इशाऱ्यानंतर शस्त्रक्रिया झाल्या, तर महाराष्ट्रात काय होईल याचा अंदाज बांधायची गरज नाही. बीडचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. २०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड करणाऱ्या बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली. खाडा झाला की कापला जाणारा पैसा, फडात आडोसा नाही, पाणी नाही, ही कारणं होतीच. पण कित्येक जणींनी सांगितलं की डॉक्टर म्हणाले होते, पिशवी खराब झाली, ठेवली तर कॅन्सर होईल. तिशीतल्या बायका अंगावरून पांढरं जातं म्हणून गेल्या आणि पिशवी काढून आल्या. कॅन्सर या एका शब्दाने बाईकडून काहीही करून घेता येतं, हे ज्या राज्यात एकदा दिसलं आहे, तिथे धडधाकट बायकांच्या हातात ठळक अक्षरातला वाढलेला ‘कॅन्सर मार्कर’ देणं मला धोक्याचं वाटतं. तोंडी भीतीला आता छापील कागदाचा आधार मिळेल.

खोट्या दिलाशाबद्दल फार कमी बोललं जातं. आमच्याकडे नेहमी येणाऱ्या एक काकू होत्या. पाळी जाऊन सहा वर्षं झालेली, अंगावरून मधूनमधून लाल जायचं. मुलाने मोठं पॅकेज करून दिलं, सगळे मार्कर नॉर्मल आले. काकूंनी तो रिपोर्ट देवघराच्या फडताळात जपून ठेवला. पुढचे आठ महिने कोणी डॉक्टरकडे चला म्हटलं की त्या म्हणायच्या, “माझं कॅन्सरचं झालंय सगळं, निल आहे.” गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला तेव्हा तो बाजूला पसरला होता. स्पेक्युलम, म्हणजे आत बघायचं साधं साधन, लावून एकदा नुसतं बघितलं असतं तरी दिसला असता. लॅबने खोटं काही छापलं नव्हतं, आकडा खरा होता. फक्त त्या आकड्याचा त्यांच्या आजाराशी संबंध नव्हता, आणि हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मग काकूंनी आतून तपासून का घेतलं नाही? इथे बायकांच्या अज्ञानाला दोष देऊन मोकळं होण्याची आपल्याला सवय आहे. मी तसं म्हणणार नाही, कारण मी स्वतः त्या टेबलावर झोपले आहे. खोलीला पडदा होता, पण तो अर्ध्यावर अडकलेला. दार कोणीतरी दोनदा उघडलं, एकदा फाइल मागायला आणि एकदा नुसतंच. मी अंग आखडलं तर आवाज आला, “पाय मोकळे सोड, दोन पोरं काढलीस तेव्हा लाज नव्हती वाटली?” त्यानंतर सात वर्षं मी गेले नाही. मी, जी रोज दुसऱ्यांना जा म्हणून सांगते. ‘आतून नको’ म्हणणारी बाई तपासणीला घाबरत नसते. तिला आठवत असतं. आणि रक्त देताना काय लागतं? बाही वर करायची, मूठ आवळायची, दुसरीकडे बघायचं. कोणी काही बोलत नाही. शेवटी हातात आकडे असलेला कागद येतो आणि तो नवऱ्याला, सासूला दाखवता येतो. त्यात आपल्या भाषेतच रक्ताचं केवढं वजन! ‘रक्तातच दोष आहे’, ‘रक्तात उतरलंय’ असं आपण बोलतो, मग रक्त बघितलं म्हणजे सगळं बघितलं असं वाटणारच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत ३० ते ४९ वर्षांच्या बायकांना विचारलं गेलं की गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी आयुष्यात कधी केली आहे का. देशभरात हो म्हणणाऱ्या २ टक्केही नव्हत्या. म्हणजे शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणींची ती कधीच झालेली नव्हती.

या विषयात जगाला शिकवणारा पुरावा आपल्याच मातीतून गेला आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. बार्शीत १९८७ पासून ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी चालू आहे. त्याच परिसरात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, १९९९ सालापासून १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला. त्यांतल्या एका गटात गर्भाशयाच्या तोंडाशी ब्रशने नमुना घेऊन त्यात हा कॅन्सर घडवणारा एचपीव्ही विषाणू आहे का, हे आयुष्यात एकदाच तपासलं. आठ वर्षांनी त्या गटातले या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते, आणि ज्यांच्यात विषाणू नव्हता त्यांच्यात या कॅन्सरने एकही मृत्यू झाला नाही. २००९ मध्ये हे छापून आलं आणि जगभरातल्या देशांनी आपली धोरणं बदलताना ते समोर ठेवलं. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने दीड लाख बायकांत आणखी साधी पद्धत वापरली. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना काही आठवडे शिकवून तयार केलं. त्या गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगरमधलं सौम्य आम्ल लावायच्या आणि पांढरा डाग उमटतो का ते दिव्याच्या उजेडात बघायच्या. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

या दोन्ही अभ्यासांत तुलनेसाठी एक गट असा होता की ज्याला तपासणी मिळाली नाही, आणि त्यावरून पुढे परदेशात आणि इथेही कडक टीका झाली. ती टीका मला पटते. पण त्यातून आपल्यावर एक ऋणही उरतं. कळंब, परंडा, भूमच्या ज्या बायकांच्या जगण्या-मरण्यातून हे ज्ञान उभं राहिलं, त्यांच्याच लेकी-सुनांना आज वीसेक वर्षांनी आपण ते ज्ञान देत नाही. त्यांच्या वाट्याला सवलतीतलं सीए-१२५ येतं.

बायकांना जे हवं आहे, म्हणजे टेबलावर न झोपता होणारी तपासणी, ते खरं तर आहे. एचपीव्हीचा नमुना बाईला स्वतःला घेता येतो. कापसाच्या काडीसारखा मऊ ब्रश असतो, तो बाथरूममध्ये जाऊन आत सरकवायचा, काही वेळा फिरवायचा, नळीत ठेवायचा. चांगल्या प्रतीची डीएनए तपासणी वापरली तर डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याच्या जवळपास तोडीचा निकाल मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या शिफारशींत याला मान्यता दिली आहे. पस्तिशीला एकदा आणि पंचेचाळिशीला एकदा, एवढ्याने फार मोठं काम होतं. विषाणू सापडला तर पुढे टेबलावर जावं लागतंच, पण तेव्हा शंभरातल्या मोजक्या जणींना, आणि कारण असताना.

याबद्दल मी बायकांशी बोलते तेव्हा दोन अडचणी पुढे येतात. एक म्हणजे, “मी घेतलेलं बरोबर कसं असेल?” ज्या बाईला पन्नास जणांचा स्वयंपाक अंदाजाने करता येतो, तिला स्वतःच्या शरीराबाबत इतका अविश्वास आपणच शिकवला आहे. तो आशाताईंनी एकदा नीट दाखवलं की जातो. दुसरी अडचण जास्त कठीण आहे. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो हे कळलं की चेहरे बदलतात. “घरात काय सांगू?” सांगायचं ते असं: हा इतका सर्रास आढळणारा विषाणू आहे की बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधीतरी होऊन जातो, बहुतेकांचा वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो. तो किती जुना आहे आणि कोणाकडून आला हे कोणतीही तपासणी सांगू शकत नाही. विषाणू सापडणं म्हणजे कॅन्सर नाही आणि चारित्र्याचा दाखला तर मुळीच नाही. हे बायकांना नाही तर नवऱ्यांना सांगायला हवं, ग्रामसभेत, दूध डेअरीवर, पुरुषांच्या घोळक्यात. आरोग्य खात्याची पत्रकं मात्र फक्त बायकांच्या हातात पडतात.

रक्ताच्या सगळ्याच तपासण्या मी मोडीत काढत नाही. आई, मावशी, बहीण यांना अंडाशयाचा किंवा कमी वयात स्तनाचा कॅन्सर झाला असेल, तर बीआरसीए या जनुकाची (त्यात दोष असला तर या कॅन्सरचा धोका वाढतो) तपासणी खरोखर जीव वाचवू शकते, कारण दोष सापडला तर मुलंबाळं झाल्यावर अंडाशय आणि नळ्या वेळेत काढून टाकण्याचा निर्णय घेता येतो. पण ती तपासणी समुपदेशकाशी बसून, घराण्याचा इतिहास मांडून करायची असते. आता रक्तात तरंगणारे डीएनएचे तुकडे बघून एकदम अनेक कॅन्सर ओळखण्याचा दावा करणाऱ्या चाचण्या भारतातही आल्या आहेत. त्या विज्ञानाबद्दल मला आशा आहे. पण ब्रिटनच्या त्या दोन लाख बायकांनी शिकवलेला प्रश्न त्यांनाही लागू आहे: सापडले किती हे नको, वाचले किती ते सांगा. त्याचं उत्तर मिळेपर्यंत त्या पगाराएवढ्या किमतीत घरोघरी विकणं थांबायला हवं.

माझ्या धंद्यातल्या लोकांना हे आवडणार नाही, तरी लिहिते. तक्रार नसलेल्या बाईच्या पॅकेजमधून सीए-१२५ काढून टाका. डॉक्टरांची चिठ्ठी असेल तरच करा. रिपोर्टखाली मराठीत एक ओळ छापा, की हा आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच आहे असं नाही, नॉर्मल आला म्हणजे कॅन्सर नाही असंही नाही, आणि गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर या तपासणीत दिसत नाही. आणि सरकारी दवाखान्यात तपासणीच्या खोलीला आतून कडी, पुरता ओढता येणारा पडदा, तपासायला बाईमाणूस, “थांबा” म्हटलं की थांबणारा हात, एवढं झालं तरी ‘आतून नको’ म्हणणाऱ्या निम्म्या जणी येतील असं मला वाटतं. याला यंत्र लागत नाही.

मी काउंटरवर आता एक सवय लावून घेतली आहे. बाई पॅकेज मागायला आली की पावती फाडण्याआधी तिला आतल्या खोलीत बोलावते आणि तीन गोष्टी विचारते. पाळी कधी आली, की बंद झाली? बंद झाली असेल तर त्यानंतर कधी लाल गेलं? संबंधानंतर जातं का? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जणी मान हलवतात, नाही म्हणून. गेल्या महिन्यात एक गप्प राहिली. मग म्हणाली, “दोन वर्षं झाली. पण हे आजवर कोणी विचारलंच नाही.” मी तिचं रक्त घेतलं नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंना फोन लावला, आणि लॅबला अर्धा तास कुलूप घालून तिच्याबरोबर गेले. आत गेल्यावर दाराची कडी मी लावली.